पलसाणा की बारडोली

डॉक्टरांनी घर बदला म्हणून सांगितलं, आणि डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषयच उरला नाही.

घर दोघा भावांचं. थोरला धुडकू उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवायचा, धाकटा वाल्मिक पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये होता. दोघे अमळनेरकडचे, पण सुरतेत येऊन आता वीस वर्षं होत आली होती. धुडकूची बायको सरलाबाई, वाल्मिकची गायत्री, आणि या चौघांत मिळून लेकरू एकच, नऊ वर्षांची स्नेहा. जन्म गायत्रीने दिला. पण बाळंतपणानंतर ती जी आजारी पडली ती वर्षभर काही धड उठली नाही, आणि त्या वर्षात पोरगी सरलाबाईची झाली. सरलाबाईला स्वतःला मूल नव्हतं. स्नेहा तिला ‘मोठी माय’ म्हणायची, आणि पडली, झडली, भूक लागली की तोंडातून तेच नाव यायचं. गायत्रीने त्यावरून कधी शब्द काढला नाही. बरी झाली तशी ती रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची.

स्नेहाला दम्याचा त्रास होता. दोन वर्षं औषधं झाली, पंप झाला, वाफ झाली. गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, हवेत सदा बारीक धूळ. शेवटी डॉक्टर वाल्मिकला म्हणाले, “औषध मी वाढवत जाईन, पण हवा कुठून आणू? गावाबाहेर कुठेतरी राहायला जा. लवकर जा.”

धुडकूला नोकरी सोडून जाता येणार नव्हतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला नवीन ठिकाणी लूमवर कोण घेणार? म्हणजे जायचं ते वाल्मिक, गायत्री आणि स्नेहाने. हे कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सरलाबाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

“वहिनी, जागा तुम्हीच पसंत करा,” वाल्मिक म्हणाला. “पोरीला काय सोसतं नि काय नाही, ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?”

गायत्री पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

पहिल्या रविवारी ते बारडोलीला गेले. वाल्मिकच्या ओळखीच्या सुकदेवने तिथे एक घर बघून ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे आंब्याचं झाड. वस्ती संपली की लगेच उसाची शेतं. शाळा इतकी जवळ की घंटा ऐकू येत होती. स्नेहा ओट्यावरून उड्या मारत होती, आणि सरलाबाई सवयीने तिच्या छातीकडे कान देऊन होती. श्वासात शिट्टी वाजत नव्हती. तासाभरात पोरगी एकदाही खोकली नाही.

परतताना गाडीत सरलाबाई खिडकीशी बसली आणि मनातल्या मनात दिवस मोजू लागली. ती घरबसल्या साड्यांना लेस लावायची. माल सोमवारी यायचा, शनिवारी द्यावा लागायचा. धुडकूची पाळी, त्याचा डबा. बारडोलीला यायचं तर अख्खा दिवस मोडणार. महिन्यातून एकदा. फार तर दोनदा.

“मोठी माय, तू बी येशी ना आठे ऱ्हावाले?” स्नेहाने घरच्या अहिराणीत विचारलं.

“तू गप बस,” सरलाबाई म्हणाली, आणि लगेच तिला जवळ ओढलं.

पुढच्या रविवारी पलसाणा. महामार्गापासून आत तिसऱ्या मजल्यावरचं घर, वर मोकळी गच्ची. वाल्मिकची मिल सायकलच्या टप्प्यात, आणि डिंडोलीहून शेअर रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दुपारी निघून, पोरगी शाळेतून आल्यावर तिला खाऊ घालून, संध्याकाळी परत येता आलं असतं. एक दिवसाआड. कधी रोजसुद्धा.

वाल्मिक आणि गायत्री शाळा बघायला गेले. सरलाबाई स्नेहाला घेऊन गच्चीवर गेली. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई वाळलेले कपडे घाईघाईने काढत होती.

“इतक्या लवकर?” सरलाबाईने विचारलं.

“सांजे राख पडे छे, बेन,” ती म्हणाली. “मिलवाळा बॉयलर चालू करे ने. बारी बंध राखजो.” तिने हाताने खिडकी लावल्याची खूण केली, मग स्नेहाकडे बघून हिंदीत म्हणाली, “मेरा छोटा भी खाँसता रहता है.”

ती खाली गेली. सरलाबाईने कठड्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिने ते पदराच्या आतल्या बाजूला पुसलं.

शाळा बघून आल्यावर जिन्यात गायत्रीने विचारलं, “ताई, इथे धुराचा त्रास नाही ना?”

गायत्रीने तिला इतकं सरळ क्वचितच काही विचारलं असेल. सरलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, “मिला त्या अंगाला आहेत. वारा तिकडे वाहतो. हेच घर घ्या.”

त्यांनी तेच घर घेतलं.

पहिला आठवडा बरा गेला. सरलाबाई एक दिवसाआड जायची. गेल्या गेल्या ओलं फडकं घेऊन खिडक्या, कठडा, गॅसचा ओटा, सगळं पुसून काढायची. फडकं तीनदा पिळलं तरी पाणी काळंच. स्नेहा शाळेतून यायची तोवर घर लख्ख. गायत्रीला मार्केट आता लांब पडत होतं, तिला यायला रात्र व्हायची. तिच्या नजरेला काही पडायचं नाही. सरलाबाई स्वतःला सांगायची, पुसत राहिलं की झालं. खिडक्या लावून ठेवल्या की झालं. मी आहेच की.

पण ती नव्हती त्या दिवशी, एका बुधवारी, स्नेहा शाळेतून येऊन गच्चीवर खेळायला गेली. खालच्या बाईला ती जिन्यात बसलेली सापडली. ओठ निळे पडलेले, पंप हातात, आणि दाबायचं बळ नाही.

पोरगी तीन दिवस सुरतेच्या दवाखान्यात होती. नाकाला नळी, हाताला सुई. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि वाल्मिकला म्हणाले, “घर बदललंत ना? मग आसपास काय आहे? धूर, कोळसा, काही?”

“काही नाही साहेब,” वाल्मिक म्हणाला. “वहिनींनी नीट बघूनच घेतलं.”

सरलाबाई बाकावर बसली होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण काचेपलीकडे पोरीची छाती भात्यासारखी खालीवर होत होती.

“राख पडते तिथे,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी. घर बघायला गेलो तेव्हाच खालच्या बाईने मला सांगितलं होतं. मी बोलले नाही.”

डॉक्टरांनी वाल्मिककडे बघितलं आणि ते आत निघून गेले. धुडकू म्हणाला, “काय बोलतेस तू?” त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं.

“बारडोली लांब पडत होतं,” सरलाबाई म्हणाली. “मला.”

वाल्मिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गायत्री तिच्यासमोर आली. सरलाबाईला वाटलं, आता ही ओरडेल, हात उगारेल. उगारावा असंच तिला वाटत होतं. पण गायत्रीचा आवाज अगदी बारीक होता.

“मी तुम्हाला विचारलं होतं, ताई.”

एवढंच. मग ती आत जाऊन पोरीच्या उशाशी बसली, आणि त्यानंतर दवाखान्यातून घरी जाईपर्यंत तिने ती जागा सोडली नाही. सरलाबाईने आणलेली पेज बाहेरच थंड झाली.

महिन्याच्या आत ते बारडोलीला गेले. आंब्याचं झाड असलेलं ते घर दुसऱ्या कोणाला गेलं होतं. सुकदेवने त्याच गल्लीत दुसरं शोधून दिलं. वाल्मिक मोटारसायकलवर ये-जा करू लागला. गायत्रीने मार्केटचं काम सोडलं. सामान टेम्पोत चढवताना सरलाबाईने हात लावला, कोणी नको म्हणालं नाही. पण “या” असंही निघताना कोणी म्हणालं नाही. तिचं नाव घेऊन रडली ती एकटी स्नेहा.

फोन वाल्मिक करायचा, आठवड्यातून एकदा, धुडकूच्या फोनवर. पोरगी बरी आहे. वजन वाढलं. शाळेत कबड्डीत घेतलं. सरलाबाई शेजारी उभी राहून ऐकायची, फोन मागायची नाही.

पाच महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, वाल्मिकनेच दोघांना बोलावलं. स्नेहाचा वाढदिवस होता. सरलाबाई रव्याचे लाडू घेऊन गेली. पोरगी बोटभर उंच झाली होती. गल्लीतल्या मुलींशी भराभर गुजरातीत बोलत होती, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पळत जाऊन पळत परत आली तरी तिला धाप लागली नाही. सरलाबाई दाराला टेकून ते बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, पण ते सुखाने की कशाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गायत्रीने पाणी दिलं, आग्रह करून वाढलं, लाडू ताटात ठेवले. काही कमी केलं नाही. जेवणं झाल्यावर स्नेहा सरलाबाईच्या गळ्यात पडली.

“मोठी माय, आज ऱ्हाय ना आठे. पप्पा तुले सकाळी सोडी देतीन.”

सरलाबाईने गायत्रीकडे बघितलं. गायत्री ताटं उचलत होती.

“मोठ्या आईंची गाडी आहे साडेचारची,” ती म्हणाली.

“हो गं,” सरलाबाई म्हणाली. “गाडी आहे.”

निघताना गायत्री रिक्षापर्यंत पोचवायला आली. धुडकू आणि वाल्मिक पुढे होते. तिने हळूच सरलाबाईचा हात धरला.

“ताई, माझ्या पोरीला तुम्ही वाढवलं, ते मी विसरले नाही. राग पण नाही आता. पण तुमच्याजवळ तिला ठेवायचं म्हटलं की माझा जीव थरथरतो. काय करू?”

“काही करू नको,” सरलाबाई म्हणाली. “तू आई आहेस. थरथरू दे.”

स्टेशनवर आल्यावर कळलं, गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती. धुडकूने दोन चहा आणले. घर इथून दहा मिनिटांवर होतं. परत जाऊन पोरीला अजून अर्धा तास बघता आलं असतं, आणि ते धुडकूच्याही मनात आलं असावं.

“जाऊन यायचं का?” त्याने विचारलं.

“नको,” सरलाबाई म्हणाली, आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून गाडी येईपर्यंत तशीच बसून राहिली.