गजऱ्याची बाजू

तुम्ही तिच्या कानात बॅटरी मारलीत, डॉक्टरसाहेब, पण तिला विचारलं काहीच नाहीत. तीनदा ती तुमच्यासमोर स्टुलावर बसली होती. तुम्हाला नाही आठवणार. धुतलेली साडी आणि डाव्या कानावर लोंबेल असा गजरा.

शेवंतीचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. सर्दी झाली की वाहायचा, डोक्यावरून न्हाली की वाहायचा. आईने लसणीचं तेल घातलं, सासूने कसला कसला पाला पिळला. पण अलीकडे त्याला वास यायला लागला होता. उंदीर मरून पडल्यासारखा. पाणी जेमतेम कापूस ओला होईल एवढं, वास मात्र हटत नव्हता. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगणार तरी कशी? कांदिवलीच्या खोलीत ती भिंतीकडे कान करून निजायची, नवऱ्याला, जयवंतला, पत्ता लागू द्यायची नाही. मरोळच्या कारखान्यात टेपरेकॉर्डरच्या वायरींचं सोल्डरिंग करताना बाकावरची कडेची जागा तिने भांडून धरली होती. तिथेही कान भिंतीकडे. वर गजरा. मोगरा नसला तर जाई, तीही नसली तर सोनचाफ्याचं एखादं फूल.

"काय गं, रोज नटतेस," शेजारची नलिनी मान वर न करता म्हणायची. "भावजी रोज नव्याने लग्न लावतात काय तुझ्याशी?"

"लावतात ना. तुला पंगतीला बोलवायचं राहूनच जातं."

सगळा बाक हसायचा, शेवंतीही. हसताना गजरा नीट आहे ना, ते हाताने चाचपायची.

तुमच्याकडे यायच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठायची. काडीला कापूस गुंडाळून कान आतून पुसायची, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग अत्तराचा फाया. रांगेत नंबर जवळ आला की तो काढून पदराच्या टोकात बांधायची. डॉक्टरपुढे घाण कान घेऊन बसायची तिला लाज वाटायची. पाहुणा येणार म्हणून आपण घर झाडतो, तसा तिने तुमच्यासाठी कान झाडला.

आणि तुम्ही फसलात. "साफ आहे की. पाणी जाऊ देऊ नका, थेंब घाला. चला, पुढची."

"साफ म्हणाले," तिने घरी सांगितलं.

"मग उगाच घाबरत होतीस ना," जयवंत म्हणाला. त्यालाही बरं वाटलं.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं. सासूने, सुंदराबाईंनी पाहिलं. "तोंड वाकडा कित्या झाला गो तुझा?"

शेवंती हसायला गेली, ती अर्धीच हसली. डावा डोळा मिटेना. जयवंतने अंगात शर्ट घालता घालता रिक्षा थांबवली. त्या दिवशी कान पुसायला वेळ मिळाला नाही, गजऱ्याचं नाव कोण घेतो.

तुमच्या खुर्चीत एक शिकाऊ डॉक्टरीण होती. ती कानाशी वाकली आणि थांबली. "ताई, हा वास कधीपासून येतोय?"

शेवंती चपलांकडे बघत राहिली. "दोन वर्षं झाली असतील."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"विचारलं नाही कुणी. मला वाटलं, माझीच घाण."

पोरीने कापसाने तो कान पुसून दिला. मग जयवंतला तिने समजावलं. कान नुसता वाहतो तो वेगळा, हा वेगळा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला खळगा पडतो, त्यात कातडी साठत जाते, आणि ती हाड खाते. असा वास त्याचाच. आता ते चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलंय.

"मी शेजारीच निजत होतो," जयवंत म्हणाला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डाव्या कानाने ऐकायला येत नाही. चेहरा सुधारेल म्हणाले होते, वर्ष उलटलं, तो तसाच आहे.

शेवंती पुन्हा बाकावर कडेला बसते. वास गेला, गजराही गेला. नलिनीने एकदा स्वतः आणून दिला, तो संध्याकाळपर्यंत डब्यावर पडून सुकला. सोल्डरिंगचा धूर उघड्या डोळ्यात जातो म्हणून शेवंती एका बोटाने पापणी खाली दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने काम करते.

रांग मोठी होती म्हणाल. होती. पण "बाई, वास येतो का?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? बोला, साहेब. का नाही विचारलंत?