हलका हात

धाकटीच्या रक्तातून काढलेल्या पेशी रुग्णालयाच्या तळघरात नेल्या, तेव्हा मीही मागोमाग गेले. धाकटी म्हणजे माझी बहीण. सत्तरी उलटली तरी घरादाराची धाकटीच. आजाराने तिची पार काडी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा पेशी काढण्याइतकं अंगात काही उरलेलं नाही. जे करायचं ते एवढ्यातच."

तळघरातल्या प्रयोगशाळेत माझी सून काम करते. तिथे नळीवर रुग्णाचं नाव घालत नाहीत, नुसता क्रमांक घालतात. काम करणाऱ्याचा हात थरथरू नये, म्हणून. पण त्या दिवशी वरून एकच नळी आली होती, आणि काचेबाहेरच्या बाकावर सासू बसलेली! सुनेला कळायचं ते कळलं.

यंत्र तिने मला पूर्वी समजावलं होतं. बोटभर काचपट्टीत केसाहून बारीक वाटा कोरलेल्या असतात. त्यांतून पेशी दाबाने ढकलायच्या. वाट पेशीहून अरुंद, त्यामुळे पेशी चेपते, तिच्या कातडीला क्षणभर भोकं पडतात आणि भोवतीचं औषध आत शिरतं. मग भोकं आपोआप बुजतात, आणि औषध भरलेल्या पेशी रुग्णाच्या अंगात परत सोडतात. दाब जास्त झाला तर पेशी फुटते.

"आणि कमी झाला तर?" मी विचारलं होतं.

"तर काय, नुसती सहल! आल्या तशा गेल्या."

तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो.

आता काचेपलीकडे तिची पाठ तेवढी दिसत होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तोंडावरची पट्टी खाली ओढलेली, चेहरा पांढराफटक.

"आई, अर्ध्या पेशी झाल्या. एकही मेली नाही."

"मग तोंड असं का गं?"

"मेली नाही म्हणूनच! औषध आत गेलं की पेशी पडद्यावर हिरवी चमकते. माझा सगळा पडदा काळा आहे." तिचा आवाज चिरकला. "मावशींच्या पेशी म्हणून मी दाब कमी ठेवला, रोजच्या निम्मा. वाटलं, जरा सांभाळून…"

"त्याच परत घाल ना."

"दुसऱ्यांदा चेपल्या की फुटतात. आता उरलेल्या अर्ध्याच. आमचे साहेब प्रवासात आहेत, आणि ते येईपर्यंत पेशी टिकायच्या नाहीत. आई, माझा हात धजत नाही हो. रोजचा दाब दिला की पुष्कळ मरतातच."

रागवावं तरी कुणावर? मायेनेच घात केला होता. डोळ्यांपुढे भलतीच खिडकी आली.

लहानपणी एकदा दार आतून लागलं होतं. आत चुलीवर दूध, बाहेर आम्ही दोघी. धूर यायला लागला. खिडकीच्या गजांतून धाकटीला आत सारायला लागले, तर ती कमरेशी अडकली आणि किंचाळली. मी घाबरून हात काढून घेतला. तशी ती ओरडली, "ताई, थांबतेस काय? ढकल!" मग मी सगळा जीव एकवटून ढकललं. तिच्या बरगड्या सोलवटल्या, पण तिने आत जाऊन दार उघडलं. खपल्या आठवड्यात पडून गेल्या. ती मात्र वर्षभर सगळ्यांना "ताईने मला सोललं" म्हणून सांगत फिरत होती.

हे मी सुनेला सांगितलं.

"आणि तेव्हा मी नाहीच ढकललं असतं तर?" मी म्हटलं.

ती पट्टी वर ओढून आत गेली.

यंत्राचा फुसफुस आवाज या वेळी काचेतूनही ऐकू येत होता. प्रत्येक आवाजासरशी मला वाटे, गेली, फुटली, माझी धाकटी फुटली. डोळे मिटावेत तर खिडकीचे गज दिसत, उघडावेत तर सुनेची ताठ पाठ. ती वळली तरी मला उठवेना. शेवटी तिनेच मला हाताला धरून पडद्यापुढे नेलं.

फुटलेल्यांचा नुसता चुरा पडला होता. आणि त्या चुऱ्यात हिरवे ठिपके. इथे एक, तिथे दोन, कोपऱ्यात एक पुंजका.

"पुरतील?"

"माहीत नाही, आई. मावशींच्या अंगात गेल्यावरच कळेल."

वर गेले तर धाकटी जागी होती. "झालं का गं, ताई?"

"झालं. खरचटलंय पुष्कळ."

ती ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि हात पुढे केला. कागदासारखा हात. मोडेल म्हणून मी नुसती बोटं टेकवणार होते. मग तो घट्ट धरला.