बाईंची खोली

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या जूनमधली गोष्ट. दहिसरच्या म्युनिसिपल शाळेत जानकी मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर उभी होती. शेजारी तिची सुलक्षणा, पोलिओच्या पायाला कॅलिपर लावलेली, भिंतीला टेकून.

"चौथीपर्यंत वर्ग खाली होते, निभलं. पाचवी दुसऱ्या मजल्यावर," करंदीकरबाई म्हणाल्या. "जिन्यावरून पडली तर जबाबदार कोण? अशा मुलांची वेगळी शाळा आहे शहरात. उद्या येऊन दाखला घेऊन जा."

"मी लोकांची भांडी घासते, बाई. रोज शहरात नेणार कोण? त्यापेक्षा उचलून वर ठेवीन."

"आणि मधेच लघवीला लागली तर?"

जानकी एकदम उसळली. "सहा वर्षांची होती तेव्हा तुमचीच माणसं चाळीत आली होती. पोरीला शाळेत घाला, कायदा आहे, नाहीतर कोर्टात खेचू म्हणाली. तेव्हा काय तिचे पाय धड होते? कायदा काय चौथीपर्यंतच?"

दारातला शिपाई दत्ताराम फिसकन हसला. "आमच्या मालवणची दिसते, बाई. वाद नका घालू."

बाई हसल्या नाहीत. "नवं धोरणही आलंय सरकारचं, अशा मुलांना सगळ्यांबरोबरच शिकवा म्हणून. पण कागदानं जिना थोडाच खाली येतो?"

दुसऱ्या दिवशी दाखला घ्यायला जानकी एकटीच गेली. जिन्यात दत्ताराम, डोक्यावर बाईंची खुर्ची घेऊन वर चाललेला. मागून बाई, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

"बाई, तुमचे गुडघे!" दत्ताराम कळवळला.

"माझे गुडघे पगार घेतात. तू चल." जानकीला पाहून त्या थांबल्या. "पोरीला का नाही आणलं? पाचवी आता खाली माझ्या खोलीत बसणार, मी वर. शाळा बुडवलीत तर माणसं पाठवीन हं."

जानकीने नुसते हात जोडले.

त्या खोलीत पोरं दाटीवाटीने बसली. सुलीची सहावी, सातवीही तिथेच झाली. दारावरची 'मुख्याध्यापिका' ही पाटी काढायची कायमची राहून गेली.

दत्ताराम निवृत्त होऊन गावी गेला, तिकडेच वारला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा हातात काठी आली होती. आता त्याही नाहीत. सुलक्षणा बोरिवलीच्या पोस्टात आहे, खिडकीवर बसते.

जानकीचे गुडघे आता गेलेत. दहिसर स्टेशनचा पूल ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढते. कुणी हात पुढे केला तर म्हणते, "नको गे बाय. आमच्या बाई चढायच्या."