जुवाची दुसरी बाजू

धानाचे रोवणे आटोपले, बांधीतलं पाणी निवळलं, आणि गावातल्या साऱ्या बैलांच्या खांद्यावरून ओझं उतरलं. एकट्या दिव्यानीच्या खांद्यावरून तेवढं उतरलं नाही. पोलीस भरती दिवाळीआधी होती. लेखीची तिला धास्ती नव्हती, धावण्यात तर ती गावच्या पोरांना मागे टाकी. घोडं अडत होतं ते गोळाफेकीच्या गोळ्यापाशी. मानेशी धरून जीव खाऊन फेकला, तरी तो रेषेच्या अलीकडेच धप्पकन बसे. मागच्या भरतीत ह्याच गोळ्यानं तिची वर्दी हुकवली होती, आणि यंदा हुकली तर वयही निघून जाणार होतं.

म्हणून तिनं गोठ्यात आपला आखाडा मांडला. गोठा रिकामाच होता. चिखलणी आता भाड्याचा ट्रॅक्टर करी. जोडीतला एक बैल बाजारात गेला, आणि दुसरा, उजव्या अंगाला चालणारा पवळ्या, म्हातारपणानं तिथंच बसला तो उठलाच नाही. मागं उरलं त्यांचं जू. दिव्यानीनं त्याच्या दोन्ही टोकांना रेतीची पोती बांधली. पहाटे जू मानेमागे घेऊन उठबशा, सांजेला तेच डोक्यावर उचलून हात ताठ. रोजच्या रोज, खाडा म्हणून नाही.

ब्रह्मपुरीच्या मैदानावर फैजभाई पोरींची तयारी करून घेई. दिव्यानीचा गोळा आठवड्यागणिक आखूड पडत चालला हे त्यानं हेरलं, आणि घरी ती काय करते ते खोदून खोदून विचारलं. मग त्यानं तिला समजावलं, की वजन उचलताना मांस आतून बारीक बारीक तुटतं, आणि ते सांधतं आरामात. आज खांदा दमवला तर उद्या पायाचं काम कर, खांद्याला निदान दोन दिवस हात लावू नको, तरीही दुखला तर आणखी एक दिवस दे.

"उचलताना ताकद येत नाई, बेटा," तो म्हणाला. "खाली ठेवल्यावर येते."

दिव्यानीला हे अंडी-केळी खाणाऱ्या जिमवाल्यांचं बोलणं वाटलं. तिची माय सुगंधाबाई अख्खा रोवणा वाकून काढते, तिला कोण आराम देतं? गोळा जसा अलीकडे पडू लागला, तशी ही पोत्यांत रेती वाढवत गेली. वेणी घालायला उजवा हात वर जाईना, तर वेणी मायकडून घालून घेऊ लागली.

अशात पोळ्याचा आदला दिवस आला. खांदशेकणीचा. त्या दिवशी बैल नदीवर धुतात, सांजेला पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला कोमट तूप-हळद लावतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. गावात त्या दिवशी कोणी जू जागचं हलवत नाही. सुगंधाबाईनं सकाळीच बजावलं, की आज जुवाले हात लावू नको.

"बैलच नाईत आपल्या घरी," दिव्यानी हसली. "आराम कोण करन, खुंटी?"

पण बिनबैलाच्या घरी मायनं वाटीभर तूप मात्र कढवायला ठेवलं.

ऊन कलताना दिव्यानी गोठ्यात शिरली. जू उचललं, आणि ते उजवीकडून हलकं लागलं. तिनं खाली ठेवून पाहिलं. पोतं भरलेलं होतं, दोरी ताणलेली होती. पुन्हा उचललं, तर आणखी हलकं. तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला. ताकद आली, तिला वाटलं, शेवटी आली एकदाची. तिनं जू मानेमागे घेतलं, उठबशा काढल्या, आणि ते खाली ठेवायला वाकली.

जू वाकलं नाही. त्याची उजवी बाजू बैलाच्या मानेच्या उंचीवर तशीच उभी राहिली. तिच्या कानाला ऊब लागली. ओल्या कडब्याचा वास आला, आणि लांब, दमेकरी श्वास. तिनं हात सोडवायला पाहिलं, तर बोटं उघडेनात.

मग जू पुढं निघालं.

गोठ्यामागं पडीत वाडी होती, तिथं ते तिला घेऊन गेलं. तिचं पाऊल चिखलात पडे आणि शेजारी आणखी एक पचाक वाजे. कुंपणाशी जू वळलं, जसं नांगराच्या तासाच्या टोकाला वळतं, आणि परत आलं, आणि पुन्हा वळलं. खांद्यात निखारा ठेवल्यागत आग झाली. शेजारच्या पवळ्याला थांब म्हणणारा औतामागचा धनी उरला नव्हता, आणि दिव्यानीनं तर स्वतःला कधी थांब म्हटलंच नव्हतं.

तूप घेऊन निघालेली सुगंधाबाई वाडीच्या तोंडाशी आली. तिनं पाहिलं. वाटी तिच्या हातातून पडली नाही. ती सरळ चालत येऊन उजव्या बाजूच्या पुढ्यात उभी राहिली, आणि तिनं हात वर केला.

"होऽऽ. हो रे बाबा. झालं आता."

जू थांबलं. मायनं पळसाचं पान तुपात बुडवलं आणि रोवण्यातल्या बाया म्हणतात तशा संथ चालीत म्हणू लागली,

"खांद्याच्या रे राजा, सोड आता ओझं,
आजच्या दिसाला भुईवर राज तुझं."

मोकळ्या हवेवर तिनं पान फिरवलं. तूप खाली ठिबकलं नाही. मग दुसरं पान घेऊन तिनं लेकीचा खांदा चोळला, आणि दोघांनाही एकच बोलावणं केलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

जू अलगद खाली आलं, कोणी ठेवावं तसं. दिव्यानीची बोटं उघडली.

पोळ्याच्या दिवशी तिचा उजवा हात खाटेवर उसनवारीनं आणल्यासारखा पडून होता, पाण्याचा पेलाही उचलेना. बाहेर बैलांच्या घंटा, पोरांचा गलका. आत तिच्या उजव्या कानाशी मात्र संथ, ओलसर, करकर चाललेली. घास गिळून झाल्यावर निवांत बसलेलं जनावर रवंथ करतं, तशी. मायनं तिच्या उजवीकडे दुसरं पान वाढलं आणि बजावलं, "हलू नको. त्याचं होऊ दे."

दुसऱ्या दिवशीही करकर होती. दिव्यानी भ्यायली, रडली, पण हलली नाही. मग एका सकाळी जाग आली तर सारं शांत होतं, आणि हात आपणहून वेणीकडे गेला.

मैदानावर तिनं गोळा मानेशी धरला आणि सोडला. तो रेषेच्या पार, आजवर तिनं कधी न गाठलेल्या गवतात जाऊन रुतला. पोरी टाळ्या पिटू लागल्या. फैजभाई म्हणाला, बघ, मी काय सांगत होतो, आणि हौसेनं आणखी एक टाक म्हणाला. तिलाही टाकायचा होता. तिनं गोळा घेतला, आणि खांद्याच्या आत काहीतरी आधी पुढचे गुडघे टेकतं, मग मागचे, तसं खाली बसलं. हात खाली आला.

फैजभाई धावला. "दुखते का?"

"नाई," ती म्हणाली. "बसला."

त्यानं तिच्या हातातला गोळा काढून घेतला, आणि आज इतकंच पुरे म्हणाला.

दिव्यानी कडुनिंबाखाली जाऊन टेकली. भरतीच्या दिवशी पवळ्या उठणार की नाही, हे आता त्याला किती बसू दिलं यावर होतं. ऊन फिरत गेलं तशी ती सरकत राहिली, उजवा खांदा सावलीत राहील अशी. आणि तिच्या शेजारचं गवत, वारा पडलेला असताना, हळूहळू दबत गेलं.