दर सातवं अक्षर

इनास डाबरे बोईसरच्या रसायन कारखान्यातून निवृत्त होऊन माकुणसारच्या वाडीत राहायला आला, तेव्हा उरलेलं आयुष्य पानवेलींत घालवायचं असा त्याचा बेत होता. पण पानवेलींना कष्ट लागतात. बायबलला नुसता चष्मा पुरतो.

पवित्र शास्त्रात देवाने निरोप लपवून ठेवलेत आणि ठरावीक अंतराने अक्षरं उचलली की ते बाहेर येतात, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. त्याने सातचं अंतर धरलं आणि मराठी बायबलवर लाल पेन घेऊन बसला. लवकरच त्याला स्वतःचं नाव सापडलं. 'इनास'मधला काना गायब होता, पण काना-मात्रा माणसांनी मागाहून घुसडल्या असं त्याने ठरवलं. जोडाक्षर कधी एक धरायचं, कधी दोन. त्या दिवशी काय शोधायचंय, त्यावर ते अवलंबून.

गावच्या चर्चचे फादर समजवायला आले. "इनासभाऊ, शुभवर्तमान मुळात ग्रीकमध्ये लिहिलंय. मराठी अक्षरं मोजून काय हाती लागणार?"

"देवाला मराठी येत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

फादर चहा पिऊन गेले.

बोईसरमध्ये मात्र इनासची चलती झाली. तिथल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी प्रार्थनासभा भरायची. लोक त्याला भविष्य विचारू लागले. रामू नावाच्या फिटरने विचारलं, "अंकल, मेरा दुबई का कुछ दिखता है?" इनासला 'दु' लूकच्या शुभवर्तमानात एका पानावर मिळाला आणि 'बई' पुढच्या. "होणार, पण मधे थांबावं लागेल," त्याने सांगितलं. रामूच्या डोळ्यांत पाणी आलं.

इकडे वाडीतली विहीर दोघा भावांची होती. पंप कुणी कधी लावायचा, यावरून इनासचं धाकट्या पास्कूशी वाजलं आणि इनासने पंपाच्या खोलीला कुलूप घातलं. भर उन्हाळ्यात पास्कूच्या वेलींनी माना टाकल्या. त्याची बायको जयवंती शेजारच्या वाडीतून हंड्याने पाणी आणून आळ्यांत ओतू लागली.

"अहो, सख्खा भाऊ हाय तुमचा," इनासची बायको मोनी म्हणाली.

"मी माझ्या मनाने काही करत नाही. शास्त्रात बघतो."

बघितलं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सात-सात अक्षरं मोजत गेल्यावर 'वहर' मिळालं आणि थोडं खाली 'इनस'. वेलांट्या आणि काने बाजूला ठेवले, की निकाल स्वच्छ होता.

पुढच्या रविवारी त्याने ते पान हॉलच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं, अक्षरांभोवती लाल गोल काढून. विहिरीची गोष्ट निघणार असं कानावर आल्यामुळे जयवंतीही येऊन मागे बसली होती.

"ही विहीर," इनास काठी टेकवत म्हणाला. "आणि कुणाची? खाली बघा."

"हालेलुया!" लोक म्हणाले.

जयवंती उठली. "भाऊजी, तुमच्या गोलांच्या मधे काय लिवलंय, ते वाचू?"

कुणी हो म्हणायच्या आत तिने वाचलंही. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव. आधी जाऊन भावाशी समेट कर.

इनासने चष्मा काढून पुसला.

"हा वरवरचा अर्थ, जयवंती. तो काय, कुणालाही दिसतो."

"दिसतो ना? मग करा."

इनासने सगळ्यांदेखत पडद्यावर बोट ठेवून मोजलं. "सातव्या अक्षरात समेट येत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात रामू ओरडला, "अंकल, पाच-पाच गिनो तो 'खोल' आ रहा है! ताला खोल!"

"खोल म्हणजे खोल," इनास खवळला. "विहीर खोल आहे, पाणी जपून वापरा, असा अर्थ!"

त्यावर जे भांडण जुंपलं, त्यात प्रार्थना राहूनच गेली. पुढच्या रविवारपासून दोन सभा भरू लागल्या. सातवाले बोईसरला, पाचवाले वाणगावला. दोघेही एकमेकांसाठी, सैतानाने त्यांना सोडावं म्हणून, प्रार्थना करत.

मोनी कुठल्याच सभेला गेली नाही. एका सकाळी इनास आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याच्या पँटच्या खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं आणि पंप लावला. चावी मग पास्कूच्या हातात दिली. बऱ्याचशा वेली वाचल्या. कुंपणाकडच्या ओळी आधीच गेल्या होत्या, त्या पास्कूने उपटून टाकल्या. तो इनासशी अजून बोलत नाही.

कुलूप कुणी काढलं, हे इनासने बायकोला एकदाही विचारलं नाही. तो ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात शोधतोय. 'म' सापडलाय. पुढचं अक्षर मात्र लागत नाही, असं तो मोनीला सांगतो, आणि मोनी त्याच्यापुढे चहा ठेवून पाटाचं पाणी वळवायला जाते.