उजवी रिम

शनिवारी सकाळी पद्मजा आवटीच्या योयोची उजवी रिम अडकली आणि तिच्या घरातली झोपायची खोली गोल झाली. तिचा नवरा प्रीतम त्या वेळी खोलीतच होता. शर्टाला इस्त्री करत होता.

योयो सुट्या भागांचा होता. दोन बाजूंना दोन वाट्या, त्यांना जोडणारा मधला स्क्रू, आणि प्रत्येक वाटीच्या कडेवर आट्यांनी बसणारी एकेक धातूची रिम. पितळेच्या रिम लावल्या की योयो जड होऊन खाली बराच वेळ फिरत राहायचा, ॲल्युमिनियमच्या लावल्या की हलका आणि चपळ व्हायचा. रविवारी पुण्यात स्पर्धा होती आणि पद्मजाला तिथे हलका योयो हवा होता. पितळेच्या रिम शुक्रवारी संध्याकाळी प्रीतमनेच आवळून दिल्या होत्या. त्याच्या हाताला चांगली ताकद होती.

डावी रिम सहज निघाली. ती निघाली तशी हॉलची बाहेरची भिंत गेली. खिडकी, पडदा आणि टीव्ही भिंतीबरोबरच गेले. पलीकडे सांगलीतला नेहमीचा रस्ता दिसायला हवा होता, पण तिथे पांढरं काहीतरी पसरलं होतं आणि त्याला नव्या भांड्यासारखा वास येत होता. पद्मजाने सोफा थोडा आत ओढला आणि उजवी रिम धरली. ती हलली नाही. तिने जोर लावला तेव्हा झोपायच्या खोलीतून कपाट सरकल्याचा आवाज आला.

"पद्मजा," प्रीतम आतून म्हणाला, "इथले कोपरे गेलेत."

"दार उघड."

"दार वाकलंय. चौकटीत बसलंय घट्ट."

तिने पुन्हा जोर लावला. आत इस्त्रीचं टेबल मोडलं.

"थांब!" प्रीतम ओरडला. "तू काय करतेयस?"

"रिम काढतेय."

"तू पिळलंस की खोली लहान होतेय."

पद्मजाला योयो खाली ठेवायचा होता, पण तो कुठे ठेवावा ते सुचेना. टेबलावर ठेवला आणि घरंगळला तर? तिने तो दोन्ही तळहातांत अंड्यासारखा धरला आणि बेडरूमच्या दाराला कान लावून उभी राहिली. तिने काही न करताही आतून काहीतरी हळूहळू आवळत जात असल्याचा आवाज येत होता.

बेल वाजली. समोरच्या चौगुले काकू होत्या. हातात पातेलं, विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी हॉलच्या गेलेल्या बाजूकडे बघितलं आणि पदर सावरला.

"एक बाजू निघाली वाटतं," त्या म्हणाल्या.

"दुसरी निघत नाही काकू. प्रीतम आत आहे."

"आटे धरले असतील. आमच्याकडं लोणच्याच्या बरणीचं झाकण असंच बसतं. जरा गरम करून बघ की."

पद्मजाने केस वाळवायचा ड्रायर आणला आणि गरम हवा रिमवर सोडली. पितळ तापलं, पण त्याच्या आतली ॲल्युमिनियमची वाटी त्याहून जास्त फुगली. प्रीतम खोकायला लागला.

"भिंती फुगतायत," तो म्हणाला. "पलंग उभा राहिलाय. माझे गुडघे छातीला लागलेत."

तिने ड्रायर फेकून दिला. दाराला हात लावला तर पोळला.

"मग गार करायला पाहिजे," काकू म्हणाल्या. "फुगतं ते आकसतंच."

"आत माणूस आहे काकू!"

"मग काय आवळू द्यायचं?"

पद्मजाने दाराशी तोंड नेलं. तिला विचारायचं नव्हतं, पण न विचारता करणंही शक्य नव्हतं.

"प्रीतम, योयो फ्रीजरमध्ये ठेवावा लागेल. खूप थंडी वाजेल."

"किती वेळ?" तो म्हणाला.

"माहीत नाही."

"ठेव. इथं आता हात हलवायलाही जागा नाही."

"बोलत राहा. काहीही बोल, पण थांबू नकोस. तू थांबलास की मी बाहेर काढणार."

तिने फ्रीजरमधला मटार बाजूला सारला आणि योयो बर्फाच्या ट्रेवर ठेवला. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीवर लगेच दव जमायला लागलं. प्रीतम बोलायला लागला. रोज तो सांगलीहून मिरजेला कामाला जायचा, म्हणून त्याने वाटेतल्या बसथांब्यांची नावं घेतली.

"राम मंदिर," तो म्हणाला. "पुष्पराज चौक. मार्केट यार्ड. विश्रामबाग."

त्याचे दात वाजत होते. चौगुले काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पातेलं मांडीवर घेतलं. पद्मजा फ्रीजची मूठ धरून उभी होती.

"वानलेसवाडी. मिरज."

"पुढे," पद्मजा म्हणाली.

"पुढे मी उतरतो."

"आज उतरू नकोस."

भिंतीवरचं दव गोठून पांढरं झालं. प्रीतमचा आवाज बारीक झाला, पण स्पष्ट ऐकू येत होता.

"गोल पूल," तो म्हणाला. "त्यानंतरचा गोल पूल. मिठाचा नाका. बायकांचा माळ."

"हे कुठले थांबे?" पद्मजाने काकूंना विचारलं.

"त्या बाजूला मी कधी गेले नाही," काकू म्हणाल्या.

"खालचा माळ," प्रीतम म्हणाला. "इथे गाडीत माझ्याशिवाय कोणी नाही."

पद्मजाने फ्रीजर उघडून योयो उचलला. तो बोटांना चिकटला. काकूंनी कमरेला खोचलेला रबरी हातमोजा काढून दिला. भांडी घासतानाच त्या उठून आल्या होत्या. पद्मजाने हातमोजा घातला, डाव्या हातात वाटी धरली, उजव्या हाताने रिम धरली आणि सगळा जीव एकवटून फिरवली.

रिम केसभर हलली. दाराच्या मागे काहीतरी प्रचंड मोठं किंचाळत फिरलं.

"कुठल्या बाजूला फिरवतेयस?" प्रीतमने विचारलं. आवाज आता जमिनीजवळून येत होता.

"डावीकडे."

"माझ्याकडून ते उजवीकडे होतंय."

ती थांबली. हातमोज्यातून घाम निथळत होता. तिने काकूंकडे बघितलं. काकू पातेल्यात बघत होत्या.

"सुटतंय की आवळतंय?" पद्मजाने विचारलं.

"मला कळत नाही. फिरतंय एवढं खरं."

"अंगाला लागतंय का?"

"पद्मजा, मला माझं अंग कुठं संपतं तेच सापडत नाही. तू फिरव."

"चुकीच्या बाजूला असेल तर?"

"तू फिरव गं. हात काढू नकोस फक्त."

तिने डोळे मिटले आणि फिरवलं. घरातली सगळी भांडी मांडणीवरून एकामागून एक खाली आली. दिवा छताला टेकला. काकू स्टुलासकट भिंतीकडे सरकल्या आणि स्वयंपाकघराच्या जाळीला धरून बसल्या. पद्मजा रडत होती, पण तिचे हात थांबले नाहीत. प्रीतमच्या ताकदीने बसवलेली रिम ती आपल्या ताकदीने काढत होती आणि दोघांच्या ताकदीतला फरक तिला मनगटात दुखत होता. मग आटे संपले. रिम सुटून तिच्या हातात आली, अगदी सहज, जणू ती कधी बसलीच नव्हती.

दार आपोआप उघडलं.

खोलीला पलीकडची बाजू नव्हती. पलंग, कपाट, इस्त्री काही नव्हतं. फरशीचा एक गोल तुकडा उरला होता. त्यावर दहिवर साचलं होतं आणि मधोमध एक भोक होतं. भोकातून सुती दोरी खाली गेली होती. ती ताठ ताणलेली होती आणि बारीक थरथरत होती. खाली काहीतरी जागच्या जागी वेगाने फिरत असलं की दोरी अशीच थरथरते, हे पद्मजाच्या बोटांना ठाऊक होतं.

"प्रीतम!"

खालून काही बोललं गेलं. शब्द कळले नाहीत. आवाज फिरता होता. जवळ यायचा आणि लांब जायचा.

"ओढू नकोस," काकू दारातून म्हणाल्या. "कुणाला माहीत खाली काय आहे."

"फिरणं थांबलं तर मग वर येत नाही काकू."

थरथर कमी होत होती. पद्मजा गुडघ्यांवर बसली. दोरीच्या वरच्या टोकाचा फास भोकाच्या काठाला अडकला होता. तिने हातमोजा काढला, मधलं बोट फासात घातलं, तळहात खाली केला आणि एक झटका दिला.

दोरी सैल झाली, मग पकडली गेली. खालचं काहीतरी चढायला लागलं. फास बोटाच्या पेरात रुतला आणि बोट निळं पडत गेलं. वजन तिच्या ओळखीचं नव्हतं. भोकातून थंड वारा तिच्या तोंडावर आला, मग आणखी जोरात. तिने हात उघडा धरला आणि वाट बघत राहिली. फरशीचं भोक येणाऱ्या वस्तूच्या मानाने फारच लहान होतं.