बडग्या झालेला टास्मानियाचा वाघ

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मधुसूदन कान्हेरे नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नामशेष प्राण्यांसाठी एक खोली मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे प्राचार्यांच्या मागे लागले होते. शेवटी प्राचार्य म्हणाले, "पोळा झाला की प्रदर्शन भरवा. गर्दी झाली तर खोली तुमची, नाही तर सायकल स्टँडची."

सरांनी सगळी भिस्त टास्मानियाच्या वाघावर ठेवली. तो नावाचाच वाघ. तोंड कुत्र्याचं, पाठीवर पट्टे, आणि कांगारूसारखी पोटाला पिलांची पिशवी, तीही मागच्या बाजूला उघडणारी. धावण्यात बेताचाच. वास धरून सावजामागे रात्रभर चालत राहायचा आणि ते थकलं की हा भला मोठा जबडा उघडायचा.

बांबू-कागदाचा असा वाघ करणार कोण? इतवारीतले शालिकराम. ते मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडगे बनवायचे. बडगे म्हणजे साऱ्या गावाची पीडा गळ्यात बांधून जाळायचे पुतळे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन मारबतीलाच, सर वाघ न्यायला आले. बघतात तर ओटा रिकामा.

"पोट्ट्यांनी नेला, सर," शालिकराम म्हणाले. "मी आत जेवून राहिलो होतो."

"तो बडग्या नाही, हे सांगितलं नाही त्यांना?"

"सांगतलं नं. ते म्हणे, आजच्या दिवशी तुह्या ओट्यावर दुसरं काय राहीन?"

सर धोतर सावरत गर्दीत घुसले. वाघ खांद्यांवर डुलत होता. गळ्यात पाटी : 'साखर, रॉकेल, डालडा, सगळं मीच खाल्लं.'

"अरे, यानं काही खाल्लेलं नाही," सर घसा फोडून सांगू लागले. "तिकडेही मेंढ्या मारल्याचा आळ यालाच लावला. सरकारनं बक्षीस लावून मारला. शेवटचा पिंजऱ्यात मेला."

"मंग यालेच पुढं घ्या गा," खांदा देणारा पहेलवान म्हणाला. "याले सवय हाय."

तळ्याकाठी वाघ पेटला. पिशवी आधी जळाली. जबडा मात्र शेवटपर्यंत उघडाच होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. "वा, कान्हेरे. अर्ध्या शहरानं पाहिला म्हणे तुमचा वाघ. खोली तुमची."

"पण आता तिच्यात ठेवायला काही उरलं नाही, सर."

"नामशेष प्राण्यांचीच खोली ना?" किल्ली पुढे सरकवत प्राचार्य म्हणाले. "मग बरोबर आहे."